क्लासिक मोटार घेताना रंगाखालचा गंज आणि दडवलेली पत्र्याची कामे कशी ओळखावीत

प्रश्न असा आहे: १९६० च्या दशकातील उघड्या टपाची एक मोटार विक्रीला आहे. तिचा रंग ताजा आणि चकचकीत आहे, विक्रेता ‘संपूर्ण रिस्टोरेशन झाले आहे’ असे सांगतो आणि रंग खरवडून पाहण्याची मुभा अर्थातच नाही. अशा वेळी आत शाबूत पत्रा आहे की गंजावर पुट्टी चढवली आहे, हे कसे ठरवावे?

बाहेरच्या रंगावरून यातले जवळजवळ काहीच ठरत नाही, आणि नवखा ग्राहक नेमका तेथेच सर्वाधिक वेळ घालवतो. या काळातील अनेक मोटारींना वेगळी चासी, म्हणजे खालचा स्वतंत्र भारवाहू सांगाडा, नसते. पत्र्याच्या पोकळ पेट्या, खांब, फ्लोअर आणि इंजिनामागचा आडवा पडदा एकमेकांना स्पॉट वेल्डने, म्हणजे ठिपक्याठिपक्यांवर केलेल्या वेल्डने, जोडून जे कवच तयार होते, तेच गाडीचा सगळा भार पेलते. बॉनेट, दरवाजे, डिकीचे झाकण आणि अनेक मॉडेलांतील पुढची मडगार्डे ही नट-बोल्टने काढता-घालता येणारी अंगे आहेत. ती गंजली तर खर्च होतो, पण गाडी मोडत नाही. दरवाजाखालून पुढून मागे जाणारी पोकळ पट्टी, म्हणजे सिल, तसेच फ्लोअर, सस्पेन्शन जेथे टेकते त्या जागा आणि जॅक लावण्याची ठिकाणे गंजली असतील तर मात्र वरचा रंग कितीही सुंदर असला तरी त्या गाडीला आधार उरलेला नसतो. म्हणून तपासणी खालून वर आणि आतून बाहेर करावी, आणि रंगाकडे सर्वांत शेवटी वळावे.

गंज आतून बाहेर का येतो, हे समजून घेतले की कोठे पाहायचे ते पाठ करावे लागत नाही. जेथे दोन पत्रे एकमेकांवर बसवून जोडलेले असतात तेथे केसाएवढी फट राहते, केशाकर्षणाने पाणी त्या फटीत शिरते आणि वारा न लागल्यामुळे वाळत नाही. रस्त्यावरचे मीठ किंवा समुद्राकाठची खारी हवा असेल तर ही क्रिया कितीतरी वेगाने होते. त्या काळातील बहुतेक गाड्यांच्या पोकळ भागांत रंग नीट पोचतच नसे, त्यामुळे सिलची बाहेरची बाजू तीन थरांनी झाकलेली आणि आतली बाजू जवळजवळ उघडी, अशी स्थिती नवी गाडी कारखान्यातून बाहेर पडतानाच असे. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक, काही परिस्थितींत सहापटीपर्यंत होते. म्हणून जोडाच्या आत साठलेला गंज दोन पत्र्यांना पाचरीसारखा दूर ढकलतो. एरवी सरळ असलेली जोडाची कड दोन स्पॉट वेल्डच्या मधे फुगून लाटेसारखी दिसू लागली, तर वर रंगाचा एकही फोड नसला तरी आतले काम सुरू झाले आहे असे समजावे. बाहेरच्या पत्र्यावर फोड दिसतो तेव्हा त्या जागी बहुधा आतून बाहेरपर्यंत पत्रा खाल्ला गेलेला असतो. नाण्याएवढ्या फोडामागे तळहाताएवढे नवे पत्राकाम निघणे ही नेहमीची गोष्ट आहे.

गाडी पाहायला जाण्यापूर्वी त्या विशिष्ट मॉडेलचा अभ्यास करावा, कारण प्रत्येक मॉडेलच्या गंजण्याच्या जागा ठरलेल्या असतात आणि त्या मॉडेलचे जाणकार त्या बोटावर मोजून दाखवतात. १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारीमध्ये सिल अनेक पत्र्यांचे मिळून बनलेले असते आणि त्याची दोन्ही टोके पुढच्या व मागच्या मडगार्डाच्या खालच्या भागाआड दडलेली असतात. फोक्सवॅगन बीटलमध्ये बॅटरी मागच्या सीटखाली असल्याने तिच्याखालचे फ्लोअर आम्लाने आणि ओलाव्याने खाल्ले जाते, आणि केबिनमध्ये गरम हवा नेणाऱ्या दोन्ही बाजूंच्या वाहिन्या भारही पेलत असल्यामुळे त्या गंजणे गंभीर ठरते. पोर्शे ९११ चे संपूर्ण कवच जस्ताचा लेप दिलेल्या पत्र्याचे झाले ते १९७६ च्या मॉडेलपासून. त्याआधीच्या गाडीकडे अधिक संशयाने पाहावे लागते. जुन्या लँड रोव्हरचा बाहेरचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असल्यामुळे ‘हिला गंज लागत नाही’ अशी समजूत पसरली आहे. तिची चासी आणि इंजिनामागचा पडदा मात्र पोलादाचा असतो, शिवाय दोन धातू ओलसर जागी एकमेकांना भिडले की ॲल्युमिनियमही पांढरी भुकटी होऊन झडते. फायबरग्लासच्या शेव्हरोले कॉर्व्हेटचेही तसेच आहे: १९६३ ते १९८२ च्या गाड्यांमध्ये काच आणि दरवाजे यांभोवती पोलादी सांगाडा असतो, आणि तो गंजला तर न गंजणाऱ्या बाहेरच्या आवरणाआड ते दिसतही नाही.

पाहणीची वेळ आपण ठरवावी. गाडी कोरडी, धुतलेली आणि दिवसाच्या उजेडात असावी. ओल्या गाडीवर प्रत्येक रंग तुकतुकीत दिसतो आणि पत्र्याचे चढउतार पाण्याच्या थराखाली दडतात, म्हणून विक्रेत्याने आपण येण्याआधी पाच मिनिटे गाडीवर पाणी मारले असेल तर ती वाळेपर्यंत थांबावे. लिफ्टवर गाडी चढवून पाहण्याची सोय मागावी. ती नसेल तर जॅकखेरीज भक्कम स्टँड हवेत, कारण केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरणे जिवावर बेतू शकते, आणि गंजलेल्या गाडीचा जॅकपॉइंटच आत दबला जाण्याची शक्यता असते. सोबत प्रखर टॉर्च, छोटा आरसा, मोबाइलला जोडता येणारा लवचिक कॅमेरा, मोजपट्टी, स्क्रूड्रायव्हर आणि रंगाची जाडी मोजणारे यंत्र असावे. स्क्रूड्रायव्हर टोकाने खुपसण्यासाठी नसून त्याच्या प्लॅस्टिकच्या मुठीने ठोकून आवाज ऐकण्यासाठी आहे. शाबूत पत्रा टणटणीत वाजतो. पुट्टी, अनेक पदरी ठिगळ किंवा कुजलेला पत्रा यांचा आवाज बद्द येतो.

आता सिल. उघड्या टपाच्या गाडीत छताचा आधार नसल्याने पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवण्याचे काम सिल आणि मधला बोगदा (फ्लोअरच्या मधोमध पुढून मागे जाणारा उंचवटा) हेच करतात, म्हणून निम्मा वेळ येथे गेला तरी तो वाया गेला असे मानू नये. सर्वाधिक आढळणारी लबाडी म्हणजे कुजलेले सिल कापून न काढता त्यावर नव्या पत्र्याचे आवरण चढवून वेल्ड करणे. ती ओळखण्यासाठी खालच्या जोडाच्या कडेला, म्हणजे जेथे सिलचे पदर एकत्र येऊन खाली लोंबणारी पट्टी तयार होते तेथे, पदर मोजावेत. मूळ रचनेत दोन किंवा तीन पदर असतील आणि येथे चार-पाच दिसत असतील, किंवा ती कड वेल्ड आणि सीलंटने इतकी भरून टाकलेली असेल की पदर मोजताच येऊ नयेत, तर जुने सिल आतच आहे असे धरून चालावे. दरवाजा उघडून उंबऱ्याच्या कडेवरून बोट फिरवावे. आवरण चढवले असेल तर त्याच्या कडेची पायरी बोटाला लागते, मूळ पत्र्यावर ती लागत नाही. पाणी निचरण्याची छिद्रे मूळ जागी आणि मोकळी आहेत का, हेही पाहावे. नव्या आवरणात छिद्रे पाडायची राहून गेलेली असतात आणि मग नवा पत्राही आतून तितक्याच वेगाने कुजतो. छिद्र मोकळे असेल तर त्यातून कॅमेरा आत सरकवावा. आत गंजाचे सुटे पापुद्रे, फोम, किंवा जाळी लावून चढवलेले फायबरग्लास दिसले तर पुढची तपासणी केवळ किंमत किती पाडावी एवढ्यापुरतीच उरते. फोम तर विशेष वाईट, कारण तो पोकळी भरल्याचा आभास निर्माण करतो आणि ओलावा वर्षानुवर्षे धरून ठेवतो.

सिलची दोन टोके ही अर्धवट कामाची दुसरी खूण आहे. एमजीबीसारख्या रचनेत सिल खऱ्या अर्थाने बदलायचे तर पुढचे मडगार्ड उतरवावे लागते आणि मागच्या मडगार्डाचा खालचा भाग कापावा लागतो. हे कष्ट टाळण्यासाठी दोन चाकांच्या मधे दिसणारा तुकडाच बदलला जातो आणि टोके तशीच कुजत राहतात. म्हणून ‘नवे सिल बसवले’ असे ऐकल्यावर पहिला प्रश्न ‘मडगार्डे काढली होती का’ हा असावा, आणि उत्तराची पडताळणी चाकाच्या कमानीत आतून टॉर्च मारून करावी.

यानंतर दरवाजांच्या फटी. फट किती रुंद आहे यापेक्षा ती वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, याला महत्त्व आहे. त्या काळातील कारखाने आजच्या इतके काटेकोर नव्हते, त्यामुळे एखादा मिलिमीटर इकडेतिकडे असल्याने काही सिद्ध होत नाही. मात्र दरवाजाची मागची फट वरच्या टोकाला मिटत गेलेली आणि खाली उघडत गेलेली असेल, तर गाडी मधोमध खचली असण्याची दाट शक्यता असते. बिजागरी झिजली असेल तरी दरवाजा खाली झुकतो. ते वेगळे काढण्यासाठी उघडा दरवाजा टोकाला धरून वर उचलून पाहावा, बिजागरीतला ढिलेपणा लगेच हाताला जाणवतो. मग विक्रेत्याची परवानगी घेऊन नेमून दिलेल्या जॅकपॉइंटवर गाडीची एक बाजू हळूहळू उचलावी आणि त्या वेळी फटीकडे पाहत राहावे. उघड्या टपाच्या गाडीत किंचित हालचाल अपेक्षित आहे, पण उचलल्यावर दरवाजा अडकू लागला किंवा उघडेनासा झाला, तर कवचात ताकद उरलेली नाही. यंत्राशिवाय करता येणारी याहून निर्णायक चाचणी माझ्या माहितीत नाही.

खालच्या बाजूला ताजे, जाड, काळे अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या तळाला दिलेला डांबरी लेप, दिसले तर ते संरक्षण आहे असे न मानता पडदा आहे असे मानावे. प्रामाणिकपणे केलेल्या कामावर बहुधा गाडीच्या रंगाचा किंवा प्रायमरचा थर आणि वर पारदर्शक मेण असते, म्हणजे पाहणाऱ्याला वेल्ड दिसतात. डांबरी लेप जुना झाला की कडक होऊन पत्र्यापासून सुटतो आणि त्यामागे पाणी साठते, त्यामुळे जुन्या लेपावर बोट दाबून तो पोकळ लागतो का ते पाहावे. लेपाखालीही काही गोष्टी लपत नाहीत: ठिगळाची चौकोनी कड, फ्लोअरच्या मूळ नक्षीदार उठावांची मधेच तुटलेली रेघ, ब्रेकच्या नळ्यांवर आणि नट-बोल्टवर सरसकट उडालेला काळा फवारा. एकाच जागी ठिगळावर ठिगळ असेल तर ती गाडी दर वेळी केवळ रस्त्यावर चालण्यायोग्य ठरवणाऱ्या पुढच्या तपासणीपुरती उभी करण्यात आली होती, असा अर्थ निघतो.

आत गालिचा उचलावा. तो चिकटवलेला असल्याने उचलता येत नाही असे कोणी म्हटले तर त्याची नोंद घ्यावी. पायाखालचे कोपरे, सीटचे बोल्ट, सीट-बेल्ट जेथे बांधले जातात त्या जागा, बॅटरीचा ट्रे, डिकीतील स्टेपनीची खळगी आणि काचेच्या रबर बीडिंगखालचे कोपरे यांवर हात फिरवावा. ओलसर वास आणि ताजा गालिचा एकत्र आले तर पाणी कोठून शिरते ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. पुढच्या काचेखालची हवा घेणारी पेटी पानांनी तुंबून कुजते आणि तिची दुरुस्ती करायची तर डॅशबोर्डपर्यंत सगळे उघडावे लागते. तेथून झिरपलेले पाणी नेमके फ्लोअरच्या पुढच्या कोपऱ्यात उतरते.

आता बाहेरचा पत्रा. उजेडाच्या रेषेत खाली वाकून, गाडीच्या लांबीकडे तिरप्या नजरेने पाहावे आणि एखाद्या सरळ वस्तूचे, म्हणजे ट्यूबलाइटचे किंवा इमारतीच्या कडेचे, प्रतिबिंब पत्र्यावरून पुढे सरकवत न्यावे. प्रतिबिंब जेथे थरथरते तेथे पुट्टी असण्याचा संभव आहे. काम नवे असेल तर हेही फसवू शकते, कारण पुट्टी आणि प्रायमर आक्रसायला काही महिने लागतात. त्यानंतरच पुट्टीच्या कडेची वलये आणि घासकामाच्या रेघा रंगातून वर येतात. रंग होऊन एक ऋतूही उलटला नसेल तर तो रंग कोणत्याही बाजूची साक्ष देत नाही.

चुंबक वापरायचा तर कमजोर, लवचिक पट्टीचा वापरावा आणि खाली मऊ कापड धरावे. जबरदस्त ओढीचा चुंबक पुट्टीच्या पातळ थरावरूनही चिकटतो आणि खोटा दिलासा देतो. जाडी मोजणारे यंत्र अधिक उपयोगी असते, मात्र त्याचे आकडे वाचायला शिकावे लागते. मूळ रंग साधारणपणे १०० ते २०० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतो, पुन्हा रंगवलेला पत्रा ३०० ते ५०० पर्यंत जातो आणि आकडा हजाराच्या पुढे गेला की पुट्टीचा विचार करावा. एका जागेचा आकडा निरर्थक असतो. छताच्या मध्यापासून किंवा टप उघडा असेल तर बॉनेटच्या मध्यापासून सुरुवात करून मडगार्डाच्या खालच्या कडांपर्यंत यावे, आणि डाव्या बाजूची प्रत्येक जागा उजव्या बाजूशी पडताळावी. चाकांच्या कमानी आणि दरवाजांचे तळ येथेच आकडे एकदम उडी मारतात. ॲल्युमिनियमच्या पत्र्यासाठी त्या धातूवर चालणारे यंत्र लागते. केवळ पोलादासाठीचे यंत्र तेथे काहीच दाखवत नाही.

येथे एका गैरसमजापासून सावध राहावे. त्या काळात अनेक कारखाने मडगार्ड आणि खांब किंवा छत यांचे जोड झाकण्यासाठी स्वतःच शिसे-कथिलाचा मिश्रधातू वितळवून भरत आणि कानशीने घासून सपाट करत. तेथे चुंबक चिकटत नाही आणि यंत्र मोठा आकडा दाखवते, तरी तो अपघाताचा पुरावा नसतो. दोन्ही बाजूंना, त्याच जोडावर, जवळपास सारखाच आकडा येत असेल तर ते कारखान्याचे काम समजावे. एकाच बाजूला किंवा जोडापासून दूर पत्र्याच्या मधोमध येत असेल तर नंतरचे. या एका बारकाव्याअभावी चांगली गाडी नाकारली गेल्याचे मी पाहिले आहे.

अपघाताची दुरुस्ती गंजापेक्षा सोपी ओळखता येते. कारखान्यातील स्पॉट वेल्ड ही ठरावीक अंतरावरची, काही मिलिमीटर व्यासाची, दोन्ही बाजूंनी किंचित दबलेली वर्तुळे असतात. त्या जागी ग्राइंडरच्या खुणा, फुगीर ठिपके किंवा सलग वेल्डची रेघ दिसली तर तो भाग बदललेला आहे. बदललेला असणे हा दोष नव्हे, पण तो का बदलला हे विचारायला हवे. बॉनेट उघडून मडगार्डाची आतली भिंत आणि रेडिएटर धरणारी आडवी पट्टी यांच्यावरच्या सुरकुत्या शोधाव्यात, कारण बाहेरचे मडगार्ड नवे बसवणाराही आतली सुरकुती बहुधा तशीच सोडतो. बिजागऱ्यांच्या बोल्टवरचा रंग तुटला आहे का, रबरावर रंगाचा फवारा उडाला आहे का, दरवाजाच्या चौकटीत मास्किंग टेपची कड नखाला लागते का, हे पाहायला फार वेळ लागत नाही. शेवटी दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. काही मोजक्या मॉडेलांत हे अंतर मूळातच दोन्हीकडे वेगळे असते, हे आधी तपासून घेतले असेल तर अंतरांतील लक्षणीय फरक मार खाल्लेले कवच दाखवतो. चासी क्रमांकाच्या पट्टीभोवती वेल्ड किंवा वेगळा रंग दिसला तर तेथेच व्यवहार थांबवावा, कारण तो पत्र्याचा नव्हे, गाडीच्या खऱ्या ओळखीचा प्रश्न असतो.

‘संपूर्ण रिस्टोरेशन’ या शब्दांना छायाचित्रांशिवाय किंमत नाही. मागायची ती उघड्या पत्र्याची: रंग उतरवल्यानंतरची, कुजलेला भाग कापल्यानंतरची आणि नवा पत्रा वेल्ड केल्यानंतर प्रायमर लागण्यापूर्वीची. ज्याने मनापासून आणि पैसे ओतून हे काम केले, तो अशी छायाचित्रे काढल्यावाचून राहत नाही आणि विचारण्याआधीच दाखवतो. छायाचित्रांत केवळ प्रायमर लावलेली आणि नंतर चकचकीत झालेली गाडी असेल, तर मधला टप्पा गाळला आहे.

सगळ्याच गंजाला घाबरण्याचे कारण नाही. सस्पेन्शनच्या जाड भागांवरचा तांबूस थर घासून निघतो. जॅक, एक्झॉस्ट किंवा बोल्टच्या डोक्यावरचा गंज निरुपद्रवी असतो. दरवाजाचा तळ, मडगार्डाची कड, डिकीचा कोपरा या दुरुस्त करण्याजोग्या गोष्टी आहेत आणि त्या उघडपणे गंजलेल्या असतील तर उलट चांगले, कारण तुम्हाला काय घ्यायचे आहे ते दिसते. रंग उडालेली, रबरे तडकलेली पण कोरड्या हवेत राहिलेली आणि सिल शाबूत असलेली गाडी ही ताज्या रंगाच्या अज्ञात गाडीपेक्षा मी नेहमी वरची मानतो. इंजिन उतरवून दुरुस्त होते, सीट पुन्हा शिवल्या जातात; दोन्ही सिल आणि फ्लोअर एकाच वेळी बदलायचे तर दरवाजांच्या चौकटी आतून आधार देऊन जखडाव्या लागतात, नाहीतर कापताकापताच कवच वाकते. या कामात पत्र्याची किंमत नगण्य आणि मजुरीचे तास अफाट असतात.

तुम्ही सांगितलेल्या गाडीबाबत माझा सल्ला असा की, रंगाची जाडी मोजण्यात वेळ घालवण्याआधी विक्रेत्याला फोनवर तीनच गोष्टी विचाराव्यात: उघड्या पत्र्याची छायाचित्रे आहेत का, सिल बदलताना मडगार्डे उतरवली होती का, आणि गाडी लिफ्टवर चढवून त्या मॉडेलच्या जाणकाराकडून तपासू द्याल का. तिन्हींची उत्तरे सरळ आली तर जाऊन पाहावी आणि वरील क्रमाने तपासावी. छायाचित्रे नाहीत पण लिफ्टला हरकत नाही, असे उत्तर आले तरी जाता येईल. मात्र तेव्हा दोन्ही सिल आणि फ्लोअर नव्याने करावे लागणार असे गृहीत धरून, एखाद्या पत्राकाम करणाऱ्याकडून त्या कामाचा अंदाज आधीच लेखी घ्यावा आणि तो वजा करून जी रक्कम उरते तीच देऊ करावी. लिफ्टला नकार आला तर जाण्याची गरज नाही.